शेजारी उमेदवार असतो तेव्हा

निवडणूक म्हटली म्हणजे मोठमोठ्या सभा आणि पुढाऱ्यांचे दौरे आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु एखाद्या अपक्ष उमेदवाराची निवडणूक पुष्कळदा शेजाऱ्याच्या ओटीवरच सुरू होते. ज्याच्याशी आपले वर्षानुवर्षांचे जाणेयेणे आहे, असा गृहस्थ एके संध्याकाळी नामनिर्देशनपत्र घेऊन येतो आणि सूचक म्हणून सही मागतो. अशा वेळी ‘नाही’ म्हणणे अवघड असते. ‘हो’ म्हटल्यावर आपण नेमके काय स्वीकारले, याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात.

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ अन्वये मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला, १९९६ च्या सुधारणेनंतर, दहा सूचक लागतात, आणि ते सर्व त्याच मतदारसंघातील मतदार असावे लागतात. सही खरी नसल्यास नामनिर्देशनपत्र फेटाळले जाऊ शकते. म्हणून आपल्या नावाची सही घरातील दुसऱ्या कोणी करणे, हा साधा दिसणारा प्रकार शेजाऱ्याची उमेदवारीच संपवू शकतो. छाननीच्या वेळी उमेदवाराबरोबर एका सूचकालाही हजर राहण्याचा अधिकार आहे. सूचक हा केवळ ओळखीपुरता सही करणारा माणूस नव्हे, हे यावरून दिसून येईल.

पुढचा प्रश्न पैशाचा. विधानसभेच्या उमेदवाराला सर्वसाधारणपणे १०,००० रुपये अनामत भरावी लागते. पराभूत उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशापेक्षा अधिक मते मिळाली नाहीत, तर ती जप्त होते. शेजाऱ्याचा हा धोका पाहून आपणही काही खर्च करावा, असे स्नेह्यांना वाटते. परंतु येथेच प्रेमाला कायद्याची मर्यादा पडते. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या प्रचारासाठी खर्च करणे हा अपराध आहे. भारतीय दंड संहितेतील ही तरतूद २०२४ साली अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. दहा रुपयांपर्यंतचा खर्च झाला असेल, तर दहा दिवसांत उमेदवाराची लेखी संमती घेऊन तो नियमित करता येतो, सवलत एवढीच.

ही कडक तरतूद अनाठायी नाही. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीतील दिल्ली सदर मतदारसंघाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली असे ठरविले की, उमेदवाराच्या माहितीने व संमतीने पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च त्याच्याच हिशेबात धरला पाहिजे. त्याच वर्षी संसदेने कायदा बदलून पक्षाचा व इतरांचा खर्च त्या हिशेबातून वगळला. परिणामी खर्चाच्या मर्यादेला फारसा अर्थ उरला नाही. २००३ च्या सुधारणेने ही पळवाट बरीचशी अरुंद केली. मित्रांच्या नावाने होणारा खर्च अमर्याद राहिला, तर ज्याचे मित्र श्रीमंत तोच पुढे जाईल, आणि गरीब उमेदवाराचे शेजारी कितीही निष्ठावंत असले तरी मागे पडतील.

पत्रके छापतानाही सावध राहावे. प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता असलाच पाहिजे. मतदानाच्या दिवशी वाहनांची तर विशेष काळजी घ्यावी. आपली जीपगाडी आहे म्हणून उमेदवाराच्या संमतीने मतदारांना फुकट केंद्रावर नेऊन सोडले, तर ते भ्रष्टाचरण ठरू शकते आणि जिंकलेली निवडणूक त्यापायी रद्द होऊ शकते. मतदारांनी मिळून स्वखर्चाने बैलगाडी भाड्याने केली, तर मात्र कायद्याची हरकत नाही.

मग शेजाऱ्याने करावे तरी काय? सर्वांत मोलाचे काम बिनखर्चाचे आहे, आणि ते म्हणजे मतदान प्रतिनिधी होणे. परिसरातील माणसे त्याला चेहऱ्याने ठाऊक असतात. दुसऱ्याच्या नावावर कोणी मत द्यायला आला, तर दोन रुपये अनामत भरून तो त्या व्यक्तीच्या ओळखीला आक्षेप घेऊ शकतो. मतदान केंद्राध्यक्ष तेथल्या तेथे चौकशी करतात. आक्षेप उगाच घेतलेला आढळल्यास ही रक्कम जप्त होते. ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्यांच्या कायद्यांनुसार होतात व तेथील तपशील वेगळे असतात. तथापि, तेथेही ओळखीच्या, विश्वासू माणसाचे महत्त्व कमी होत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सूचक म्हणून केलेली सही सर्वांसमोर असते. मत मात्र गुप्त असते. आपण कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही, असे कायदा स्पष्टपणे म्हणतो. शेजाऱ्यासाठी दारोदार फिरणाऱ्यालाही हे संरक्षण आहे, आणि ज्या दारात तो उभा राहतो त्या घरातील माणसालाही आहे. म्हणून शेजाऱ्याचे गुण सांगावेत, त्याचे काम सांगावे. पण उसने दिलेले पैसे किंवा विहिरीचे पाणी यांची आठवण करून देऊ नये. निवडणूक एका दिवसात संपते. मधली भिंत मात्र दोन्ही घरांची असते, आणि दुसऱ्या दिवशीही तिच्या दोन्ही बाजूंना माणसेच राहत असतात.