महाराजबाग व आपल्या घरचा आंबा

नागपुरास नाग नदीच्या काठीं भोसले घराण्याची महाराजबाग आहे. १८५३ सालीं तिसरे रघूजीराजे पोटीं पुत्र नसतां वारले व पुढील वर्षीं राज्य खालसा झालें. बाग मात्र राहिली. १८९४ सालीं तींत प्राणिसंग्रहालय निघालें. आज ती डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या देखरेखीखालीं आहे. राजाचें विश्रांतिस्थान लोकांची पाठशाळा झालें.

धनी बदलूनही बाग कशी टिकते? वृक्ष अमर नाहीं. म्हणून जुनें झाड उभें असतांच त्याचें रोप वाढवावें लागतें. बीजापासून झालेल्या झाडांत गुण पालटूं शकतात. कलमांत मूळ झाडाचेच गुण उतरतात. शिवाय, पाहुण्यांच्या पायांखालीं माती दबून मुळांस हवा व पाणी मिळेनासें होतें. यास्तव आंखलेली वाट सोडून चालूं नये.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतही पुष्कळ घरीं आजोबांनीं लाविलेले गावरान आंबे आहेत. वांटणी झाली कीं कुऱ्हाड बहुधा प्रथम त्यांवरच पडते. पालकांस आमची विनंती, कीं तत्पूर्वीं त्यांचें एक तरी कलम बांधून घ्यावें. आणि विद्यार्थिमित्रहो, पहिले उन्हाळे त्यास पाणी तुम्हीं घालावें. राज्य गेलें तरी बाग राहिली. घर विभागलें तरी आंबा राहूं शकेल.