नाक्यावरची पॅकेटं

प्रश्न : घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी टाकलंय. एसएसएचने आत शिरून टीसीपीडम्प चालवलं की पडद्यावर ओळींचा पूर येतो. घरात कुणी नेट वापरत नसतानाही! राउटर हॅक झाला असेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : हा पूर तुम्हीच आणलाय! टीसीपीडम्पला एक पॅकेट दिसलं, त्याची ओळ एसएसएचमधून तुमच्या लॅपटॉपकडे निघाली. ती ओळही पॅकेटातूनच जाते, म्हणून तिची नोंद. मग त्या नोंदीची नोंद. कमांडच्या शेवटी ‘नॉट पोर्ट २२’ लिहा, पूर ओसरेल. ‘डॅश-एन’ही जोडा, नाहीतर प्रत्येक आयपी पत्त्याचं नाव विचारायला हा गडी डीएनएसकडे धावतो आणि ती धावपळही नोंदीत भर घालते.

‘नॉट पोर्ट २२’ ही गाळणी कर्नलमध्येच बसते. नको असलेली पॅकेटं प्रोग्रामपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून तर राउटरच्या एवढ्याशा प्रोसेसरला हे काम झेपतं. टीसीपीडम्प १९८८चं, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतलं. तिथल्याच मॅकॅन आणि जेकबसन यांनी १९९३मध्ये या गाळणीवर निबंध वाचला. कल्पना तीच, अजून चालतेय.

आता इंटरफेस. वॅनवर पाहाल तर बाहेर जाणाऱ्या सगळ्या पॅकेटांवर राउटरचाच पत्ता दिसेल, कारण नॅटने तो आधीच बदललेला असतो. टीव्ही नेट खातोय की फोन, हे कळायला ‘बीआर-लॅन’वर बसावं लागतं.

‘डॅश-डब्ल्यू’ने फाइल करणार असाल तर जपून. टीएमपी फोल्डर म्हणजे रॅमच. ती भरली की राउटरला धाप लागते, आणि वीज गेली की फाइलही गेली. मी फाइलच्या नावाजागी नुसता डॅश देतो आणि पॅकेटं एसएसएचमधून थेट लॅपटॉपवरच्या वायरशार्कमध्ये ओततो. अर्थात पोर्ट २२ वगळूनच!

प्रश्न : ऑफिसात एका संगणकावरून दुसऱ्यावर मोठी फाइल पाठवतो, पण राउटरवरच्या कॅप्चरमध्ये तिचा मागमूस नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन्ही वायरी राउटरच्याच लॅन पोर्टांत आहेत ना? मग पॅकेटं आतली स्विच चिप परस्पर पलीकडे टाकते. टीसीपीडम्प बसलाय प्रोसेसरच्या नाक्यावर, आणि गाडी नाका चुकवून गावातल्या गावात फिरतेय. हार्डवेअर ऑफलोडिंग चालू असलं तर इंटरनेटच्या वाहतुकीचंही असंच होतं : कनेक्शनची सुरुवातीची पॅकेटं दिसतात, पुढची गायब. तपासणीपुरतं ते बंद ठेवा. यात तुमच्या स्वस्त राउटरचा दोष नाही. ज्युनिपरच्या महागड्या यंत्रांवरही ‘मॉनिटर ट्रॅफिक’ कमांड राउटरच्या मेंदूकडे येणारी-जाणारी पॅकेटंच दाखवते, आरपार जाणारी नाही.

प्रश्न : मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर काय बोलतो, ते यात वाचता येईल का?
— एक पालक, ठाणे

उत्तर : नाही. मजकूर एन्क्रिप्ट झालेला असतो. कधी, कोणत्या सर्व्हरशी, किती डेटा गेला एवढंच दिसेल. फोनचं डीएनएस पोर्ट ५३वरून उघडं जात असेल तर साइटींची नावंही. आणि त्याने वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा लावला, की तेवढंही नाही.