घाटाखालून आलेली गाडी

गाडी गंजली म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘उघड्यावर लावता का?’ गेल्या पावसाळ्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की उत्तर एकदाच सविस्तर लिहून टाकतो. होय, उघड्यावर लावतो. कऱ्हाडात आमच्या गल्लीत सगळेच उघड्यावर लावतात. माझ्या गाडीला लागून उभी असते ती शेजाऱ्यांची गाडी त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची आणि त्याच सालातली. पाऊस तोच, धूळ तीच, एकाच कडुनिंबाचा पाला दोन्ही टपांवर पडतो. शेजाऱ्यांची गाडी पहिल्यापासून इथलीच. तिच्याखाली झोपून बघा, पत्रा ठणठणीत आहे. माझ्या गाडीच्या दाराखालची लांब पोकळ पट्टी, जिला गॅरेजवाले रनिंग बोर्ड म्हणतात, ती अंगठ्यानं दाबली तरी आत जात होती. माझी गाडी रत्नागिरीहून आलेली आहे आणि ज्या एजंटनं ती मला विकली त्याला तिची अवस्था पूर्ण ठाऊक होती.

पासिंग एमएच-०८ आहे हे मी पहिल्याच भेटीत काढलं होतं. घाटाखालची गाडी जपून घ्यावी हे आमच्याकडे लहानपणापासून ऐकू येतं. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. ‘दादा, शहरातल्या माणसाची गाडी आहे. समुद्र कुठं आणि त्याचं घर कुठं! वर खालून कोटिंगसुद्धा मारून घेतलंय. अजून काय पाहिजे तुम्हाला?’ मी वाकून पाहिलं. खालचा सगळा भाग काळाभोर, एकसारखा, नवा दिसत होता. त्या वेळी थंडीचे दिवस होते, हवा कोरडी होती. मी पैसे मोजले.

जूनमध्ये पाऊस लागला आणि ब्रेक दाबला की डाव्या बाजूनं खळखळ ऐकू यायला लागली. आधी वाटलं, डिकीत पाण्याची बाटली लोळत असेल. डिकी रिकामी होती. दोन-तीन दिवसांनी आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी रॅम्पवर घेतली, बॅटरी मारली आणि रनिंग बोर्डाच्या खालच्या कडेवरून बोट फिरवत इकडून तिकडं गेले. मग म्हणाले, ‘साहेब, हिची भोकं कुठायत?’

मला कळेना. त्यांनी सांगितलं की प्रत्येक दाराच्या तळाला आणि रनिंग बोर्डाच्या खाली कंपनी बारीक भोकं ठेवते. काचेच्या फटीतून, रबरातून आत गेलेलं पाणी तिथून निथळतं. माझ्या गाडीची एकूण एक भोकं त्या काळ्या कोटानं बुजलेली होती. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावून कोट खरवडायला सुरुवात केली आणि स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. जोर लावलाच नव्हता. त्या भोकातून विटकरी रंगाचं पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत आलं. पाण्याबरोबर गंजाचे पापुद्रे पडायला लागले, बराच वेळ पडत राहिले. पाणी थांबल्यावर त्यांनी कोटाची सुटलेली कड धरून ओढली. कोट सलग निघाला आणि त्याच्या आतल्या बाजूला माझ्या गाडीचा पत्रा चिकटून आला. मागं उरली ती जाळी.

तेव्हा कळलं की तो कोट गाडी वाचवायला मारलेला नव्हता. गंजलेल्या, ओल्या पत्र्यावर, काही साफ न करता, केवळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी तो फवारला होता. त्यानं गंज झाकला, भोकं बुजवली आणि आतलं पाणी कोंडून ठेवलं. न मारता गाडी तशीच विकली असती तरी तिचं इतकं वाटोळं झालं नसतं.

एजंटला फोन लावला. जानेवारीत मी ‘दादा’ होतो, आता ‘साहेब’ झालो होतो. ‘साहेब, बघूनच घेतली ना तुम्ही? पावसाळा तुमच्याकडं लागलाय गाडीला.’ मग म्हणाला, ‘ही कंपनीच तशी, पत्रा पातळ असतो.’ शेवटी म्हणाला, ‘आहे त्या स्थितीत घेतली असं तुम्ही सही करून दिलंय.’ डिलिव्हरीच्या कागदांत ती ओळ होती, हे खरं. पुढं त्यानं फोन उचलणं बंद केलं.

आरसी बुकावरून पहिल्या मालकांचा शोध घेतला. ते गृहस्थ सरळ निघाले. गाडी मिऱ्याला, समुद्रासमोरच्या अंगणात वर्षानुवर्षं उभी असायची. उधाणाला बंधाऱ्यावर लाट फुटली की तुषार थेट गाडीवर. घरचा मासळीचा व्यवसाय, त्यामुळे डिकीतून मासळीचे बर्फ घातलेले क्रेट जायचे. ‘मी तुमच्या माणसाला स्पष्ट सांगितलं होतं, खालचा पत्रा गेलाय, म्हणून तर स्वस्तात दिली,’ असं ते म्हणाले. हे वाक्य ऐकल्यावर ‘उघड्यावर लावता का’ असं विचारणाऱ्यांना काय सांगायचं याचा प्रश्नच उरला नाही.

‘कंपनीच तशी’ हे अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. कंपनी-कंपनीत फरक असतोच. लान्चा बीटा या इटालियन गाडीच्या पुढच्या सांगाड्याला इतका गंज लागायचा की १९८०च्या सुमारास ब्रिटनमध्ये कंपनीला गाड्या लोकांकडून परत विकत घ्याव्या लागल्या. उलट पोर्शनं १९७०च्या दशकातच ९११ या गाडीचा पत्रा जस्ताचा मुलामा देऊन वापरायला सुरुवात केली. ऑडीनं १९८०च्या दशकात संपूर्ण बॉडीच तशी केली. जस्त आधी स्वतः झिजतं आणि खालचं लोखंड राखतं. शिवाय कारखान्यात अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहानं प्रायमर बसवतात, त्यामुळे तो पोकळीच्या आतपर्यंत पोहोचतो. पण हे सगळं माझ्या आणि शेजाऱ्यांच्या गाडीला सारखंच मिळालं होतं. एकाच कंपनीच्या दोन गाड्यांत एवढा फरक पडतो तो पुढच्या आयुष्यामुळे.

आणि त्यात सगळ्यात वाईट मीठ. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरते, पण पाण्यात मीठ आलं की वेग फार वाढतो. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते बऱ्यापैकी कोरड्या हवेतूनही ओल ओढून घेतात. ही गोष्ट मला कुणीच आधी सांगितली नव्हती, आणि या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी एवढं ठेवा: कोकणातली गाडी घाटावर आणली म्हणून गंज थांबत नाही. पोकळीत साठलेलं मीठ गाडीबरोबर घाट चढून येतं. टपावरचं, बॉनेटवरचं मीठ पाऊस धुऊन टाकतो. मडगार्डच्या आत, रनिंग बोर्डात, स्टेपनीच्या खड्ड्यात पाऊस धुवायला जात नाही, म्हणून गाडी वरून लखलखीत आणि खालून सडलेली असते. कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात राहणाऱ्यांना हे सांगायला नको, तिथं हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावरच मीठ टाकतात.

आता गाडी बघायला जाल तेव्हा. खाली ताजा काळा कोट दिसला तर आनंदून जाऊ नका, तो कधी मारला आणि त्याआधीचे फोटो आहेत का हे विचारा. जुन्या गाडीला खालून चिखल, ओरखडे असणं चांगलं, निदान पत्रा दिसतो. दार उघडून तळाच्या कडेची भोकं शोधा, काडी घालून बघा. डिकीतलं मॅट उचला, स्टेपनी बाहेर काढा आणि खड्ड्याच्या तळाला हात लावा. एजंट ‘अहो, राहू द्या, हात खराब होतील’ म्हणतोच, तरी लावा. जॅक लावायची जागा चेपलेली किंवा फुगलेली आहे का ते पाहा. चाकावरच्या कमानीला रंगाचे फोड दिसले तर ते वरवरचे समजू नका. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आतून रंगाला उचलतो. फोड दिसतो तेव्हा आतलं काम बरंचसं झालेलं असतं. फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक रनिंग बोर्डावरून फिरवा. जिथं ते चिकटत नाही तिथं पत्र्याऐवजी पुट्टी आहे.

अपघातात वेल्डिंग झालेली बाजू वेगळी तपासा. वेल्डिंगच्या उष्णतेनं आतल्या बाजूचा प्रायमर आणि जस्त जळतं, आणि डेंटर बाहेरून कितीही सुंदर रंग मारो, पोकळीच्या आत त्याची फवारणी पोहोचत नाही. पुरातल्या गाडीचं तसंच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला किंवा २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, अशा पुरांनंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या गावी विकायला येतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाचा डाग राहतो.

स्वतःची गाडी असेल तर पावसाळ्यानंतर खालून गोड्या पाण्यानं धुऊन घ्या. कोकणात राहत असाल तर वर्षभर धुवा. भोकांतला पाला काढा. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. गाडी स्वच्छ ठेवा, वेळेवर सर्व्हिसिंग करा, हे तर आहेच. कोटिंग करायचं असेल तर कोरड्या, साफ पत्र्यावर आणि भोकं मोकळी ठेवून, स्वतः समोर उभं राहून करून घ्या.

रनिंग बोर्ड ही शोभेची वस्तू नाही. आजच्या मोटारींना वेगळी चेसिस नसते, बॉडीच भार पेलते, आणि बाजूनं धडक बसली तर मार हाच भाग घेतो. माझी मुलं त्या गाडीत मागं बसत होती. एजंटनं हे माहीत असून कोट मारला, याला मी धंदा म्हणणार नाही.

मिस्त्रींनी सडलेला भाग कापून नवा पत्रा बसवला. त्याची पावती, रॅम्पवरचे फोटो आणि पहिल्या मालकांचं लेखी म्हणणं जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. ही तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते, थांबू नका. आणि ज्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत त्यांना कळकळीची विनंती आहे. आधी तुमच्या मिस्त्रीच्या रॅम्पवर गाडी चढवा, मग टोकन द्या. एजंट ‘एवढा वेळ नाही, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे’ म्हणाला, तर ती गाडी त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाऊ द्या.