काळाघोड्याला उगाच हिंडताना

१. चर्चगेटला उतरून चालत यावं, दुपारी चारच्या सुमारास. सकाळी लवकर येण्यात अर्थ नाही. बहुतेक दुकानं अकराच्या आत उघडत नाहीत, जहांगीर कलादालनही अकरालाच उघडतं आणि सातला बंद होतं. आणि जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा कला महोत्सव असताना तर येऊच नये. १९९९पासून भरणाऱ्या या महोत्सवाचं मोल मी नाकारत नाही, त्याच्या पैशातून इथल्या जुन्या वास्तूंची डागडुजी झाली आहे. पण ती जत्रा. जत्रेत आपण हिंडत नाही, ढकलले जातो.

२. सुरुवात जहांगीरच्या आतून नाही, बाहेरच्या फुटपाथवरून करावी. इथे चित्रकार आपली चित्रं मांडून बसलेले असतात: वारली, बनारसचे घाट, गणपती, पावसातली मुंबई. कुणी समोर बसवून तुमचं चित्रही काढून देतो. ‘हे सगळं टुरिस्टांसाठी’ म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी पंधरा मिनिटं एखाद्या व्यक्तिचित्रवाल्याच्या मागे उभं राहून बघावं. समोरचं गिऱ्हाईक हलतंय, त्याची मैत्रीण ‘नाक मोठं झालं’ म्हणून सांगतेय, भोवती दहा डोकी जमलीत, आणि कोळसा थांबत नाही. आत टांगलेल्या सगळ्यांना हे जमेल असं नाही.

भाव करायचा तर करावा, पण चित्र हातात घेऊन, खाली बसून. उभ्या उभ्या, चालता चालता ‘कितने का?’ विचारणाऱ्याला ते जो आकडा सांगतात, तो त्याला पळवून लावण्यासाठीच असतो.

३. मग आत जावं. कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १९५२ साली उभ्या राहिलेल्या या दालनात अजूनही तिकीट लागत नाही, याचं मला नेहमीच नवल वाटतं. प्रदर्शन साधारण आठवड्याचं, मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपणारं. मंगळवारी पाहुणे, पुष्पगुच्छ आणि भाषणं. माझा वार सोमवार. शेवटच्या दिवशी चित्रकाराला जे विकायचं ते विकलेलं असतं किंवा विकलं जाणार नाही हे कळून चुकलेलं असतं, आणि दोन्ही बाबतींत तो मोकळा बोलतो. इथली तारीख मिळायला त्याने कित्येक वर्षं वाट बघितलेली असते. चित्राच्या पाटीवर लाल टिकली दिसली की ते गेलं असं समजावं. ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न मी विचारत नाही. ‘हा थर आधीचा की नंतरचा?’ असं विचारलं की माणूस अर्धा तास सोडत नाही.

४. मागच्या गल्ल्यांतल्या कपड्यांच्या दुकानांत शिरायला बिचकू नये. काचेचं दार, आत एकच कुर्ता टांगलेला, त्यावर चिठ्ठी नाही, म्हणजे किंमत आपल्या बेताबाहेरची. तरीही आत जावं. माल हाताळून बघायला पैसे पडत नाहीत. ठशांची छपाई म्हणून सांगितलेलं कापड मी खिडकीपाशी नेते आणि दोन ठशांचा सांधा शोधते. हाताने उमटवलेला ठसा कुठेतरी केसभर सरकतो, एखाद्या ठिकाणी रंग दाट बसतो. सगळीकडे एकसारखं असेल तर छपाई बहुधा जाळीची. हे तपासताना विक्रेत्याचा चेहराही बघत राहावं. माल खरा असेल तर तो उत्साहाने दुसरा तागा काढतो.

५. या भागाला ज्यावरून नाव पडलं तो घोडा खरा कुठला, हे विचारणारा हटकून भेटतो. सातव्या एडवर्डचा, युवराज असतानाचा, ब्राँझचा अश्वारूढ पुतळा १८७९मध्ये इथे बसला, १९६५मध्ये हलवला आणि आता राणीच्या बागेत आहे. २०१७पासून इथे श्रीहरी भोसले यांनी घडवलेला नवा घोडा आहे. पाठीवर कुणी नाही. मला हाच जास्त आवडतो.

६. बरोबर पन्नाशीपुढचं कुणी असेल तर हळहळीची तयारी ठेवावी. ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांच्या रेकॉर्डचं दुकान २०१६मध्ये मिटलं, जहांगीरमधलं समोवार हे उपाहारगृह त्याच्या आदल्या वर्षी. ऱ्हिदम हाऊसच्या बंद दाराशी मीही रेंगाळते, नाही असं नाही. पण ‘आता काही राहिलं नाही’ हे मला पटत नाही. कवी अरुण कोलटकर इथल्याच वेसाइड इनमध्ये खिडकीपाशी बसायचे. ते हॉटेल गेलं. पण २००४मध्ये, त्यांच्या शेवटच्या वर्षी आलेल्या ‘काळा घोडा पोएम्स’मध्ये हॉटेलाचं कौतुक कुठे आहे? तिथे कचरा वेचणाऱ्या बाया आहेत, भटका कुत्रा आहे, रस्त्यावर मिळणारी सकाळची इडली आहे. ती माणसं शोधायला कुठल्या पाटीची गरज नाही.

७. मान वर करावी. मोडकळीला आलेली एस्प्लनेड मॅन्शन म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणला होता, आणि ७ जुलै १८९६ला ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं इथे दाखवली गेली. डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या सज्जात आरामखुर्च्या मांडलेल्या असतात. तिथे पुस्तक छातीवर ठेवून निजलेल्या सभासदांचा मला मनापासून हेवा वाटतो. व्ही. बी. गांधी मार्गावरचं १८८४चं, पूर्वी निळं असलेलं सिनेगॉग आतून बघायचं तर ओळखपत्र जवळ ठेवावं.

८. पाय दुखले की चेतना. १९४६पासूनचं हे शाकाहारी हॉटेल, आणि सोबत पुस्तकांचं दुकान. खेतवाडीत विड्या विकणाऱ्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं ‘आय ॲम दॅट’ नावाने इंग्रजीत आली, ती १९७३मध्ये चेतनानेच छापली. त्या पुस्तकासाठी दूरदेशीचे लोक मुंबई शोधत आले. पुस्तकं आधी बघून घ्यावीत, थाळी नंतर. थाळीनंतर उभं राहून काही चाळण्याची ताकद उरत नाही, वाढपी ‘बस’ म्हटल्यावरही आणखी एक फुलका टाकूनच पुढे सरकतात.