चामड्याचा डोंगरी बूट : पारख, निगा आणि विक्रेत्याची जबाबदारी

चपला-बुटांचा धंदा करणाऱ्या आपल्या अनेक बंधूंकडे डोंगरी बुटांची मागणी येत असते. सह्याद्रीतील किल्ल्यांवर जाणारे तरुण, हिमालयातील शिबिरांना निघालेले विद्यार्थी, जंगल खात्यातील कर्मचारी असे निरनिराळे ग्राहक मजबूत, चामड्याचा, घोट्याच्या वर येणारा बूट मागतात. माल महाग असल्याने एका जोडामागे नफाही बरा सुटतो. परंतु बूट कसा बनला आहे, त्याची निगा कशी राखायची आणि तो निकामी कधी होतो, हे ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. पुष्कळदा खुद्द दुकानदारालाच ते ठाऊक नसते. म्हणून या लेखात विकणारा, शिवणारा आणि दुरुस्त करणारा, तिघांच्याही उपयोगाची माहिती एकत्र देत आहोत.

चामड्याची पारख

जाड कातडे यंत्रावर चिरून त्याचे थर काढतात. केसांच्या बाजूचा, म्हणजे सर्वांत वरचा थर सगळ्यात टिकाऊ असतो, कारण तिथे तंतूंची वीण घट्ट असते. हा थर न घासता तसाच ठेवला की त्याला बाजारात फुल ग्रेन म्हणतात. खालच्या थराचे चामडे म्हणजे स्प्लिट. ते स्वस्त असते, पण लवकर ताणते आणि पाणी पिते. याशिवाय डाग-ओरखडे असलेला वरचा थर घासून त्यावर रंगाचा व प्लास्टिकचा लेप दिलेला मालही मिळतो. तो नवा असताना फार चकचकीत दिसतो.

पारख करण्याची सोपी रीत अशी. चामडे बोटांमध्ये दुमडून पाहावे. फुल ग्रेन चामड्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि सोडल्यावर बऱ्याच अंशी निघून जातात. लेप दिलेल्या चामड्यावर एखादी ठळक रेघ उमटते. बुटाच्या जिभेची कापलेली कड पाहिली तर चामड्याची जाडी आणि लेप दोन्ही कळतात. डोंगरी बुटाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर जाडीचे चामडे लागते.

महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. तेव्हापासून इथल्या कातडी बाजारात म्हशीच्या कातड्याचे महत्त्व वाढले. हे कातडे जाड आणि दाणा मोठा असलेले असते. नाजूक बुटाला ते शोभत नाही, पण डोंगरी बुटाला चांगले चालते.

अस्तराकडे मात्र आपल्या बंधूंनी विशेष लक्ष द्यावे. काही बुटांत, विशेषतः बाहेरून आलेल्या मालात, अस्तरासाठी डुकराचे कातडे वापरलेले असते. त्यावर केसांची छिद्रे तीन-तीनच्या गटांत, त्रिकोणी मांडणीत दिसतात. भिंग घेऊन पाहिल्यास ओळख पटते. कातडे कमावल्याने पाक होते, परंतु डुकराचे कातडे त्याला अपवाद आहे, हे हनफी आणि कोकणातील आपले बंधू पाळतात तो शाफई, या दोन्ही मसलकांना मान्य आहे. बुटाला लावण्याच्या चरबीबाबतही हीच सावधगिरी हवी. डब्यावर चरबी कशाची हे लिहिलेले नसेल, तर मधमाश्यांच्या मेणापासून बनवलेला माल दुकानात ठेवावा. त्यात शंकेला जागा राहत नाही.

सोलची गोष्ट

पूर्वी युरोपातील गिर्यारोहक तळाला लोखंडी खिळे ठोकलेले जड बूट घालत. अवघड कडा आला की ते काढून हलके, दोरीच्या किंवा कापडी तळाचे जोडे चढवीत. हे जोडे खडकावर पकड घेत, परंतु थंडी आणि बर्फ यांच्यापुढे त्यांचा टिकाव लागत नसे. १९३५ साली आल्प्स पर्वतातील पुंता रासिका या शिखरावर एक इटालियन तुकडी हवामान बिघडल्याने अडकली आणि तिच्यातील सहा जण मरण पावले. व्हिताले ब्रामानी हे त्या मोहिमेशी संबंधित गिर्यारोहक होते. खडक आणि बर्फ दोन्हींवर चालेल असा एकच तळ असावा, या ध्यासातून त्यांनी खोल खाचांचा रबरी सोल तयार केला आणि १९३७ साली त्याचे पेटंट घेतले. त्यांच्याच नावावरून 'विब्राम' हे नाव पडले. १९५४ साली इटालियन मोहिमेने के-टू शिखर प्रथम सर केले, तेव्हा तिच्या बुटांना हेच सोल होते. आज बाजारात दिसणारा जवळजवळ प्रत्येक खाचांचा डोंगरी सोल त्याच कल्पनेवर उभा आहे. डोंगरात पायाखालच्या तळावर माणसाचा जीव अवलंबून असतो, हे विक्रेत्याने विसरू नये.

सोल वरच्या भागाला दोन रीतींनी जोडतात. एक म्हणजे शिवून. यात बुटाच्या कडेने चामड्याची पट्टी, म्हणजे वेल्ट, शिवतात आणि तिला सोल शिवतात. सोल झिजला की टाके उसवून नवा सोल बसवता येतो, वरच्या चामड्याला धक्का लागत नाही. दुसरी रीत चिकटवण्याची. ती हलकी व स्वस्त पडते. काही चिकटवलेले बूटही पुन्हा सोल बसवण्याजोगे असतात, परंतु त्यासाठी जुना सोल तापवून सोडवणे, घासणे आणि दाब देणे यांची साधने लागतात.

वरचे चामडे आणि बाहेरचा रबरी सोल यांच्या मध्ये एक मऊ थर असतो. खरी मेख तिथे आहे. पुष्कळ बुटांत हा थर पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा असतो. हवेतील ओल या पीयूचे रेणू हळूहळू तोडत जाते. उष्णता आणि दमटपणा असेल तर हे काम आणखी वेगाने होते. बनल्यापासून साधारण पाच ते दहा वर्षांत थर ठिसूळ होतो आणि एके दिवशी चालता चालता त्याचा भुगा होऊन सोल गळून पडतो. बूट एकदाही न घालता खोक्यात बंद ठेवला तरी हे टळत नाही. वरचे चामडे नवेकोरे, शिवण घट्ट, पण आतून तळ मेलेला, असा प्रकार होतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही गोष्ट ध्यानात ठेवलीच पाहिजे. मधला थर चामड्याचा किंवा रबराचा असेल तर ही भीती नसते.

निगा कशी राखावी

पुढील गोष्टी ग्राहकाला बूट देतानाच सांगाव्यात. शक्य असल्यास छापून खोक्यात ठेवाव्यात.

माप : बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. डोंगरात घालायचे तेच जाड मोजे घालून पाहावे. नाडी न बांधता पाय पुढे सरकवला तर टाचेमागे एक बोट जावे. नाडी बांधून उतारावर उभे राहिल्यास बोटे पुढे टेकता कामा नयेत.

सवय : जाड चामड्याचा बूट पहिल्याच दिवशी गडावर नेऊ नये. आठ-पंधरा दिवस घरात आणि रस्त्यावर घालून तो पायाच्या वळणावर आणावा.

स्वच्छता : चिखल सुकताना चामड्यातील तेल व ओल शोषून घेतो आणि चामड्याला चिरा पडतात. म्हणून परत आल्यावर नाडी व आतील पट्टी काढावी, साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने चिखल धुवावा.

सुकवणे : बूट सावलीत, वाऱ्यावर सुकवावा. आत वर्तमानपत्राचे बोळे भरावे आणि ते ओले झाले की बदलावे. ऊन, चूल, शेगडी किंवा हीटर यांच्याजवळ बूट कधीही ठेवू नये. उष्णतेने चामडे आकसते, तडकते आणि चिकटवलेला भाग सुटतो. जितके बूट पाण्याने खराब होतात, तितकेच सुकवण्याच्या घाईने होतात.

मेण : चामडे किंचित ओलसर असताना बोटांनी मेणाचा पातळ थर लावावा. शिवणीवर आणि जिभेच्या जोडावर अधिक लक्ष द्यावे. रात्रभर ठेवून सकाळी ब्रश मारावा. खोबरेल किंवा मोहरीचे तेल ओतण्याची सवय वाईट. त्याने चामडे नरम पडते, घोट्याचा आधार जातो आणि पुढे वासही मारतो.

साठवण : प्लास्टिकच्या पिशवीत बूट बांधून ठेवू नये. पावसाळ्यात बुरशी आल्यास मोकळ्या हवेत ती फडक्याने पुसावी, निम्मे पाणी व निम्मा सिरका यांच्या मिश्रणाने पुन्हा पुसून सुकवावे आणि मगच मेण लावावे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावी. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर या काळात सतत पावसात चालायचे असेल, तर जाड चामड्याचा बूट एकदा आतून भिजल्यावर लवकर सुकत नाही. अशा ग्राहकाला हलका, लवकर वाळणारा बूट अधिक सोयीचा ठरतो. चामड्याचा बूट कोरड्या दिवसांत, खडकाळ वाटेवर आणि पाठीवर ओझे असताना आपली किंमत वसूल करून देतो.

हिशेब

उदाहरणादाखल एक हिशेब करू. समजा, शिवलेल्या सोलचा चामडी बूट ६,००० रुपयांना घेतला आणि आठ वर्षांत दोनदा १,५०० रुपये देऊन सोल बदलला. एकूण खर्च ९,००० रुपये. त्याऐवजी २,५०० रुपयांचा, दोन वर्षे टिकणारा जोड घेत गेल्यास आठ वर्षांत चार जोड, म्हणजे १०,००० रुपये. ग्राहकाचे हजार रुपये वाचले, आणि त्याने दिलेल्या पैशांतले ३,००० रुपये गावातील कारागिराच्या हाती आले. आपल्याकडे आरी, रापी आणि फर्मा पिढ्यान्‌पिढ्या हाताळणारी घरे आहेत. दुकानदाराने अशा एखाद्या कारागिराशी बांधून घेतले आणि सोल बदलण्याची सोय दुकानातच ठेवली, तर ग्राहक पुन्हा पुन्हा येतो. सोलवरील खाचा जवळजवळ बुजल्या, पण मधला थर अजून झिजलेला नाही, ही सोल बदलण्याची योग्य वेळ. ती ग्राहकाला सांगून ठेवावी.

गोदामातील जुना माल

आता कठीण प्रश्न. गोदामात सात-आठ वर्षांपूर्वीचे पीयू सोलचे जोड पडून आहेत. चामडे उत्तम आहे, पैसा अडकला आहे. सवलतीचा फलक लावला तर चार दिवसांत माल उठेल. काय करावे?

सहीह मुस्लिम या हदीस संग्रहातील एक प्रसंग आपल्याला परिचित आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पाऊस लागल्याचे विक्रेत्याने सांगितले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाकारला. इथे पाऊस पाडणे विक्रेत्याच्या हाती नव्हते. ओल झाकणे मात्र त्याच्या हाती होते. आपल्या गोदामातील बुटाच्या तळातही ओलच शिरलेली आहे, आणि तीही वरून दिसत नाही.

म्हणून प्रत्येक खोक्यावरील निर्मितीचा महिना व वर्ष पाहून माल वेगळा करावा. सोलच्या मधल्या थरात अंगठ्याचे नख दाबून पाहावे आणि बूट वाकवून पाहावा. भेगा, चिकटपणा किंवा भुगा दिसला तर तो जोड कोणत्याही भावाने डोंगरासाठी विकू नये. सोल बदलण्याजोगा असेल तर बदलून विकावा, नाहीतर चामडे सोडवून पाकिटे, पट्टे यांच्या कामी लावावे. जे जोड अजून ठीक आहेत, त्यांची निर्मितीची तारीख बिलावर लिहून, ग्राहकाला तोंडी सांगून, कमी भावात द्यावेत. फिकहमध्ये झाकलेल्या दोषासाठी माल परत करण्याचा अधिकार खरेदीदाराला आहेच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही सदोष मालाविरुद्ध त्याला दाद मागता येते.

यात काही जोडांचे नुकसान सोसावे लागेल, हे खरे. पण तो सोल गळून पडेल तेव्हा ग्राहक दुकानाच्या दारात उभा नसेल. तो एखाद्या गडाच्या उतारावर, अंधार पडत असताना, पाठीवर ओझे घेऊन उभा असेल. या आठवड्यात दुकान बढवण्यापूर्वी एकदा गोदामात जाऊन खोक्यांवरील तारखा पाहाव्यात, एवढीच व्यापारी बंधूंना विनंती. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो.