सोल्डर घेताना रिळावरचं लेबल वाचा

‘मुलगा आठवीत आहे. शाळेच्या टिंकरिंग लॅबमुळे त्याला इलेक्ट्रॉनिक्सच्या किटचा नाद लागलाय. पण सोल्डरच्या धुरातून शिसं शरीरात जातं म्हणतात, मग घरी करू द्यावं का?’ असं पालक विचारतात. जरूर करू द्या. पण आधी शिसं शरीरात कुठून शिरतं ते समजून घ्या, कारण बहुतेकांची काळजी चुकीच्या वाटेवर पहारा देत असते.

शिसं वितळतं ३२७ अंश सेल्सियसला, पण उकळायला १७०० अंशांहून अधिक तापमान लागतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक साधारण ३५० अंशांवर असतं. तेवढ्याने शिशाची वाफ होत नाही म्हटलं तरी चालेल. डोळ्यांसमोर जो पांढरा धूर उठतो तो राळेचा. सोल्डर वायर आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत राळ भरलेली असते. शिसं जातं ते बोटांवरून. वायर हाताळताना बोटांना त्याचा अंश लागतो, दिसतही नाही, आणि तोच हात चिवड्याच्या वाटीत जातो किंवा नखं कुरतडताना तोंडात. याहून वाईट सवय दुरुस्तीच्या दुकानांत दिसते. एका हातात आयर्न, दुसऱ्या हातात बोर्ड, मग वायर कुठे धरायची? दातांत. मुलं हे बघून लगेच उचलतात. त्यांना बोर्ड धरणारा छोटा स्टँड आणून द्या, दुसरा हात वायरसाठी मोकळा राहील.

मुलांच्या बाबतीत मी इतका आग्रह धरतो त्याला कारण आहे. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं. लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आणखीच, आणि आपल्याकडे रक्तक्षय किती घरांत आहे हे मी वेगळं सांगायला नको. शोषलेलं शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं, गरोदरपणात ते पुन्हा रक्तात उतरून बाळापर्यंत पोचतं. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, तोही बहुतेकदा काही लक्षण न दाखवता. शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणत नाही.

आता दुकानात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, नुसतं ‘सोल्डर द्या’ म्हटलंत तर बहुधा ६०/४० हातात पडेल. म्हणजे ६० टक्के कथील, ४० टक्के शिसं. रिळावर एसएन आणि पीबी अशी अक्षरं असतात. एसएन म्हणजे कथील, पीबी म्हणजे शिसं. पीबीपुढे आकडा दिसला की त्यात शिसं आहे, मग दुकानदार काहीही सांगो. लेबलच नसलेलं सुटं रीळ घेऊच नका.

घरात मुलं असतील, कोणी गरोदर असेल किंवा आयर्न मुलांच्याच हातात जाणार असेल तर शिसेविरहित वायर घ्या. कथील, थोडी चांदी आणि थोडं तांबं असलेली वायर २१७ अंशांच्या पुढे वितळू लागते, फक्त कथील-तांब्याची २२७ अंशांना. ही जरा महाग असते आणि टाका बसायला वेळ लागतो. तापमान कमी-जास्त करता येणारं आयर्न असेल तर काम सोपं होतं. टाका थोडा मंद, धुरकट दिसतो. तो बिघडलेला नसतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा तापवत बसू नका. युरोपात जुलै २००६ पासून बहुतेक नव्या उपकरणांत शिशावर निर्बंध आहेत, कारखाने याच मिश्रणांवर चालतात. मग आपल्या मुलाला ते का जमू नये?

घरात लहान मुलं नसलेल्या प्रौढ हौशी माणसाने शिशाची वायर वापरली तर मी अडवणार नाही. मात्र ६०/४० ऐवजी ६३/३७ घ्या. ती १८३ अंशांना एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते. ६०/४० मध्ये थोडा वेळ लगद्यासारखी अवस्था येते, तेवढ्यात हात हलला की ‘ड्राय सोल्डर’ होतं, टाका पुन्हा करावा लागतो आणि राळेचा धूर दुप्पट नाकात जातो. जाडीही बघा. किटसाठी २२ गेज, म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर, पुरे. १८ गेजची जाड वायर विनाकारण जास्त राळ जाळते. नवसागर किंवा झिंक क्लोराइडची पेस्ट पत्र्याच्या आणि नळाच्या कामाची. तिचा धूर घसा जाळतो आणि उरलेला अंश बोर्डावरचं तांबं खातो. किटच्या कामात ती नको.

शिसेविरहित वायर आणली म्हणून धुराचा प्रश्न मात्र सुटत नाही. तिथेही राळ आहेच, शिवाय तापमान जास्त. राळेच्या धुराने दमा जडू शकतो, हे कारखान्यांतल्या कामगारांत नीट नोंदलेलं आहे. खोकला किंवा छातीत घरघर कधी कामानंतर काही तासांनी, रात्री सुरू होते, म्हणून संबंध लक्षात येत नाही. कामाच्या दिवशी त्रास आणि सुट्टीत आराम, असं होत असेल तर डॉक्टरांना सोल्डरिंगबद्दल आवर्जून सांगा. चिकटपट्टी लावली की पुरळ उठते अशांनीही सांभाळावं, काही पट्ट्यांच्या चिकटद्रव्यात हीच राळ असते. डोकं बोर्डाच्या थेट वर आणू नका. छोटा पंखा बाजूला असा ठेवा की तो धूर ओढून खिडकीकडे नेईल. टाक्यावर वारा मारला तर टाका बिघडतो. कापडी मास्कने हा धूर अडत नाही.

काम संपलं की हात साबण-पाण्याने धुवा. सॅनिटायझर जंतू मारतो, शिसं हातावरच राहतं. जेवणाचं टेबल आणि ओटा या कामाला नको. खाली वर्तमानपत्र पसरा, नंतर ते गुंडाळून टाका आणि जागा ओल्या फडक्याने पुसा, झाडूने धूळ उडते. जुना रेडिओ उघडून सुटे भाग काढतानाही हेच नियम पाळा, त्यातलं सोल्डर शिशाचंच धरून चाला. बोर्डावर बसवलेल्या भागांचे तारेचे पाय कापताना तुकडे उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा. भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. हळद नको, टूथपेस्ट नको.

आणि ज्यांनी वर्षानुवर्षं वायर दातांत धरली आहे त्यांनी रक्तातल्या शिशाची तपासणी एकदा करून घ्यावी. रक्त शिरेतून द्या, बोटातून नको, बोटावरच्या शिशाने आकडा फुगतो. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायला हवं. शिसं उतरवणारी औषधं बरंच जास्त प्रमाण असेल तेव्हाच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. ‘शरीरशुद्धी’च्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पुड्या घेऊ नका.