नाव, गाव आणि तारीख

रोह्याच्या दक्षिणेस, राजपुरी खाडीच्या परिसरात, मांदाडजवळ कुडे येथे २६ बौद्ध लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या लेण्यांत ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत महाभोज राजकुलातील व्यक्ती आहेत, तसाच वैद्य आहे, लोखंडाचा व्यापारी आहे आणि फुलांचे हार गुंफणारा मालाकारही आहे. हार विकणाऱ्या माणसाचे नाव राजकुलाच्या शेजारी टिकून राहिले, याचे आम्हांला प्रत्येक सहलीत नव्याने अप्रूप वाटते.

सहलीतील मुले मोबाइलवर लेण्यांची छायाचित्रे टिपतात आणि गाडी रोह्यास पोहोचण्यापूर्वी ती घरोघरी गेलेली असतात. त्याविषयी आमची तक्रार नाही. पेणच्या गणेशमूर्तींची मागणीही आता व्हॉट्सॲपवरूनच नोंदवली जाते. मात्र २०२० साली टाळेबंदीत शाळा पडद्यावर आली, तेव्हा डोंगरातील वाड्यांवरची मुले रेंज शोधत टेकडीवर चढत होती. आणि ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस धडकल्यावर जिल्ह्यातील कित्येक गावांत वीज गेली, मोबाइल मुके झाले. या माध्यमाचा भरवसा किती धरावा, हे त्या वर्षी उमगले.

आमचा खरा धडा मात्र त्याहून लहान प्रसंगातून मिळाला. सुट्टीत घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही आजीच्या जात्यावरच्या ओव्या आणि बाबासाहेबांवरील गाणी ध्वनिमुद्रित करण्यास सांगतो. एका मुलाने फार सुरेख गाणी आणली. आम्ही ती कौतुकाने सर्वांना पाठवली. नोंद करण्याचे मात्र राहून गेले. पुढे त्याचा फोन पाण्यात पडला, आजीही गेली. वर्षभराने तोच आवाज भलत्याच गटातून आमच्याकडे परत आला, खाली फक्त ‘खेड्यातील एक आजी’ एवढीच ओळख. कुड्याच्या मालाकाराला जे लाभले, ते आमच्या हलगर्जीमुळे या माउलीला लाभले नाही.

तेव्हापासून प्रथम गाणाऱ्या व्यक्तीची संमती घ्यायची, मग तिच्याच तोंडून नाव, गाव आणि तारीख ध्वनिमुद्रित करायची, आणि तीच नोंद शाळेच्या वहीत शाईने करायची, असा परिपाठ ठेवला आहे. गेल्या सुट्टीत एका आजीने नातीला अडवले, “माझं नाव कशाला गं? गाणं माझ्या सासूचं.”

वहीत आता दोघींची नावे आहेत.